डोरीनच्या परसातलं दाण्याचं टेबल

डोरीन ॲक्रॉइडला पाखरांची आवड अशी कधीच नव्हती. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर घाण करणारी जात, एवढीच तिची पाखरांशी ओळख. तिने दाणे घालायला सुरुवात केली ती रॉयसाठी.

रॉय तिचा नवरा. थॉर्नडेन गावच्या रंगकारखान्यात त्याने उभी हयात काढली. लोकरीच्या कापडाचे तागे उकळत्या हौदात सोडायचे आणि काढायचे. तिथल्या वाफेत आणि खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागे, आणि ती ओरडायची सवय त्याने घरीही आणली होती. रॉय पबमध्ये आहे की नाही हे बाहेर रस्त्यावर उभं राहून कळायचं. मग कारखाना बंद पडला, रॉय घरी बसला, आणि पुढच्याच हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. एकच शब्द कसा कोण जाणे मागे राहिला, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, संताप आला तरी बरं. हळूहळू डोरीनला त्या एका शब्दातले सगळे सूर ओळखू यायला लागले.

त्याची खाट खालच्या मजल्यावर मागच्या खोलीत आणली. तिथल्या खिडकीतून परस दिसायचं. फरशी, कोळशाची कोठी, भिंतीलगत मातीचा अरुंद पट्टा. भिंतीपलीकडे चढावर लोकांचे भाजीचे वाफे, आणि वाफ्यांच्या कडेला नॉर्मन क्रॅबट्रीचा पांढरा-हिरवा कबुतरखाना.

नॉर्मन शेजारच्याच घरात राहायचा. टेंटर रो या त्यांच्या रस्त्यावरची घरं एकमेकांना चिकटून उभी. एका घरात कप फुटला तर दुसऱ्या घरात कळायचं. रॉय आणि नॉर्मन एकाच हौदावर कामाला होते. नॉर्मनची बायको आयरीन वारली होती, मुलगी लिंडा लग्न करून पार समुद्रकाठच्या हल शहरात गेली होती. आता त्याला होती ती शर्यतीची कबुतरं. फ्रान्समध्ये पिंजऱ्यातून सोडली की इंग्लिश खाडी आणि अर्धं इंग्लंड ओलांडून बरोबर टेंटर रोवर उतरणारी. त्यांची वाट बघत नॉर्मन चढावर एका उलट्या बादलीवर बसलेला असायचा, मान वर करून.

रॉय इस्पितळातून घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्मन दाढीचं सामान घेऊन मागच्या दाराने आत आला.

“मी करते की,” डोरीन म्हणाली.

“तू नको. बटाटा सोलल्यासारखी सोलशील त्याला.” त्याने टॉवेल रॉयच्या गळ्याभोवती खोचला आणि साबणाचा फेस करायला घेतला. “काय गड्या, बायकोला बोलायला मिळावं म्हणून एवढं सोंग कशाला करायचं? नुसतं गप्प बसला असतास तरी चाललं असतं.”

रॉयचं अर्धं तोंड हसलं. “बरं,” तो म्हणाला. झटक्यानंतर तो हसलेला डोरीनने पहिल्यांदा पाहिला, आणि केटलीत पाणी भरायच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तेव्हापासून नॉर्मन रोज सकाळी यायचा. दाढी करायचा, चहा घ्यायचा, वाफ्यातली रुबार्बच्या आंबट देठांची जुडी ओट्यावर टाकायचा. डोरीन म्हणायची, पुन्हा रुबार्ब? आणि तो म्हणायचा, नको असेल तर फेक, पण रॉयला टार्ट करून दिलंस तर मलाही एक तुकडा ठेव.

दाण्याचं टेबलही त्यानेच करून दिलं. “दिवसभर भिंत बघून त्याचं डोकं फिरेल,” म्हणाला, आणि कबुतरखान्याच्या जुन्या फळ्या काढून एक खांब, वर काठ असलेला पाट, त्याच्यावर छोटं छप्पर असं ठोकून दिलं. खिडकीसमोर, रॉयला खाटेवरून दिसेल असं. दोन्ही बाजूंना दाण्यांच्या जाळीच्या नळ्या टांगायला आकडे.

आधी चिमण्या आल्या. मग रॉबिन आला, तांबडी छाती पुढे काढून. मग निळ्या टोपीचे चिमुकले टिट, उलटे लटकून खाणारे. आणि मार्चमध्ये हिरवे फिंच आले. चिमणीहून जरा दांडगे, जाड चोचीचे, पंखांवर पिवळी रेघ. आले की टेबलाचे मालकच व्हायचे. तोंडात दाणा धरून बसायचे, सालं थुंकायचे, दुसरा कोणी जवळ आला की चोच वासून अंगावर जायचे. त्यातला एक तर सगळ्यांना हाकलून एकटाच मध्यभागी बसायचा. त्याला बघून रॉय डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायचा. डोरीनला कळेना. नॉर्मनने एक नजर टाकली आणि त्याला हसू आवरेना.

“अगं, आमचा हौदावरचा मुकादम आहे तो. चालतोसुद्धा तसाच.”

“बरं. बरं!” रॉय म्हणाला.

तो पहिला वसंत डोरीनच्या आयुष्यातला चांगला काळ होता, हे ऐकून कोणाला खरं वाटणार नाही. नवरा लुळा, घरात लघवीच्या भांड्याचा वास, आणि तरी. सकाळी ती रॉयला खुर्चीत बसवायची, त्याच्या हातात दाण्यांचा डबा द्यायची, तो डाव्या हाताने दाणे वाडग्यात ओतायचा आणि ती बाहेर नेऊन पसरायची. मग दोघं चहा घेत बघत बसायची. एप्रिलमध्ये नर पिवळेधमक झाले. वटवाघळासारखे संथ पंख मारत परसावर गिरक्या घालायचे आणि वरून दार करकरल्यासारखा लांबट सूर काढायचे. मे संपता संपता पिल्लं टेबलावर आली, पंख थरथरवून भीक मागणारी. रॉयच्या शुश्रूषेला येणारी नर्स दुसऱ्या घरी जायला उशीर करून खिडकीशी उभी राहायला लागली. तिने आणखी चार घरी सांगितलं. खाटकाच्या दुकानात बायका डोरीनला विचारायला लागल्या, आमच्याकडे रॉबिन येत नाही गं, काय घालू? आणि डोरीन सांगायची. जन्मभर ती रॉयची बायको म्हणून ओळखली गेली होती, त्याच्या आवाजाआड झाकलेली. आता लोक रांगेत थांबून तिचं ऐकत होते. तिला ते आवडलं. त्यात वाईट काही नव्हतं.

दुसऱ्या वसंतात, मेच्या सुरुवातीला, एक हिरवा फिंच टेबलावर बसला तो उठेचना. अंग फुगवून, चेंडू करून. बाकीचे आले, खाऊन गेले, हा बसलेलाच. डोरीन बाहेर गेली तरी उडाला नाही, नुसते डोळे मिचकावले.

नॉर्मन आत रॉयच्या हनुवटीखाली वस्तरा फिरवत होता. तो खिडकीकडे बघून थांबला.

“चोच ओली आहे बघ त्याची,” तो म्हणाला.

“थंडीने फुगलाय.”

“मेमध्ये कसली थंडी, बाई?” त्याने वस्तरा पुसून ठेवला, रॉयच्या अर्ध्या गालावर फेस तसाच, आणि बाहेर जाऊन त्या पाखराला सहज उचललं. कबुतरवाल्याचे हात ते. अंगठ्याने चोच उघडून आत पाहिलं आणि खिडकीतून डोरीनला बोलावलं. पाखराच्या घशात चीजसारखं पिवळट काहीतरी साचलं होतं.

“कबुतरांना होतो तो घशाचा रोग आहे हा. लहान पाखरांना झालेला मी कधी पाहिला नाही, पण हा तोच. गिळता येत नाही त्यांना. दाणा चोचीत घेतात आणि टाकतात, तोच दुसरा उचलतो. पाण्याच्या भांड्यातूनही जातो. तू हे सगळं काढ, डोरीन. टेबल, नळ्या, पाणी, सगळं. उकळत्या पाण्याने आणि ब्लीचने घास, आणि महिनाभर दाणा घालू नको.”

“महिनाभर?”

“पांगू देत त्यांना. पांगली तर वाचतील.”

“आणि रॉय?”

“रॉयला मी सांगतो.” त्याने आत येऊन हात धुतले, उरलेली दाढी केली आणि सांगितलं. सरळ, पूर्वी हौदावर सांगायचा तसं. रॉयने ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाला. त्यात कुरकुर नव्हती.

डोरीनने त्याच दुपारी टेबल कोळशाच्या कोठीत नेऊन ठेवलं. पण ऐकून ‘बरं’ म्हणणं वेगळं आणि रिकाम्या खिडकीसमोर दिवस काढणं वेगळं. सकाळी रॉयने सवयीने डब्यासाठी हात पुढे केला. तिने नाही म्हणून मान हलवली. चिमण्या येऊन मोकळ्या जागेभोवती घुटमळून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने लापशीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते झटक्याने येत होतं की रडण्याने, हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं, पण डोरीनला ते रडणंच वाटलं. तिने टेबल बाहेर आणलं, गरम पाणी ओतून एकदा कपड्याने पुसलं आणि पुन्हा खिडकीसमोर उभं केलं. ब्लीचची बाटली तिने हातात घेतली होती. वासाने पाखरं यायची नाहीत असं मनात आलं, म्हणून परत ठेवली.

“घासलंस ना नीट?” नॉर्मनने विचारलं.

“घासलंय.”

“आणि महिना?”

“तू असतोस का दिवसभर त्याच्याजवळ?”

नॉर्मनने दाढीचं सामान आवरायला घेतलं.

मग पाखरं मरायलाच लागली. सकाळी उठून रॉय जागा व्हायच्या आत डोरीन परसात फिरून यायची. भिंतीच्या कडेला, कोठीमागे, रिकाम्या कुंड्यांत पडलेली असायची. हिरवी, पिवळी, हातात काही वजनच नाही. ती त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी घालायची. नॉर्मनला सांगत नव्हती. एका सकाळी मात्र मुकादम रॉयच्या डोळ्यांदेखत टेबलावर कलंडला. बाजूची पाखरं क्षणभर उडाली आणि पुन्हा येऊन त्याच्या भोवतीने खायला लागली. रॉयने दांडा बडवला नाही. तो नुसता बघत राहिला.

डोरीन त्याला उचलायला बाहेर गेली. हातात ते ऊबदार पोतेरं घेऊन तिने मान वर केली, तर चढावर नॉर्मनची कबुतरं घिरट्या घालत होती. पन्नासेक, एका झोताने वळणारी, उन्हात पोटं चमकवणारी. एकसुद्धा कमी झालेलं नाही. कबुतरांना होतो तो रोग, असं नॉर्मन स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता. आणि टेबलाच्या फळ्याही कबुतरखान्याच्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते त्याच्या तोंडावर टाकलं.

“तुझ्या कबुतरांनी आणलंय हे.”

“माझी कबुतरं तुझ्या टेबलावर?” नॉर्मन हसला. “कधी पाहिलीस? अगं, तुझ्या हातचा चहा मी सोडून कोणी पीत नाही.”

“हसण्यावारी नेऊ नको.”

“मग काय करू? माझ्यांना मी पाण्यातून औषध देतो, वर्षातून दोनदा. आजारी पाखरू शर्यतीला उडत नाही. रानातले होले येतात ना तुझ्याकडे, त्यांनी आणलं असेल. कोणी आणलं त्याला आता काय अर्थ आहे? पसरवतंय ते टेबल. मी तुला सांगितलं होतं.”

मी तुला सांगितलं होतं, हे ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. तो चुकीचं बोलला असता तर ती भांडली असती आणि मोकळी झाली असती. तो गेल्यावर तिने भांडी एवढ्या जोरात घासली की एका कपाचा कान उडाला. दुपारी रॉय डुलकी घेत असताना ती रस्त्याच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक फोनच्या बूथमध्ये गेली. घरात फोन होता, पण घरून नको वाटलं.

वाफ्यांची जमीन नगरपालिकेची. कबुतरखान्याला परवानगी होती ती शेजाऱ्यांची तक्रार नाही तोवर, हे सगळ्या टेंटर रोला माहीत होतं. पालिकेचा माणूस आठवड्याभरात आला, हेनशॉ नावाचा, तरुण, बोलायला अदबशीर. नॉर्मन त्या वेळी बाजारात असतो हे बघून डोरीनने त्याला तीच वेळ दिली होती. स्वयंपाकघरात बसवून तिने त्याला चहा दिला.

“मिसेस ॲक्रॉइड, नुसती पाखरं मरतात म्हणून आम्हाला काही करता येत नाही,” तो म्हणाला. “विष्ठा, वास, असा काही त्रास होतो का तुम्हाला?”

“वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतंच.”

“हं. उंदीर वगैरे?”

उंदीर होते. चांगले मोठे, भिंतीच्या कडेने पळताना तिने पाहिले होते, आणि ते कुठे जातात तेही पाहिलं होतं. टेबलाखाली. फिंचांनी थुंकलेल्या, सांडलेल्या दाण्यांवर.

“आहेत,” ती म्हणाली. “वरून येतात. कबुतरखान्याकडून.”

“तुम्ही स्वतः पाहिलेत?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. माझा नवरा आजारी माणूस आहे हो. अंथरुणाला खिळलेला.”

हेनशॉने मान हलवली आणि चहा संपवला. त्याला दारापर्यंत पोचवून ती मागे वळली तेव्हा तिच्या लक्षात आलं की मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. रॉय जागा होता. खुर्चीत वळता येईल तेवढा वळून तो तिच्याकडे बघत होता.

“काय?” ती म्हणाली. “तुझ्यासाठीच केलंय.”

रॉय काही बोलला नाही. रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, अजून थोडं बटाट्याचं मॅश देऊ? तो काही बोलला नाही. सकाळी नॉर्मन आला, म्हणाला काय गड्या, झोप झाली का, आणि रॉय म्हणाला, “बरं.” डोरीन दारात उभी होती. तो एकच शब्द होता त्याच्याजवळ, आणि त्या दिवसापासून तिला तो मिळाला नाही. ती चमचा पुढे करी, तो तोंड उघडी. ती कूस बदलवी, तो बदलू देई. तिने एकदा त्याला खांदे धरून हलवलं, बोल, शिवी दे पाहिजे तर. रॉयने डोळे मिटले.

हुकूम आला. नॉर्मनने तो दाढी करता करता सांगितला.

“कबुतरखाना काढा म्हणतात. महिन्याची मुदत.”

“अगं बाई,” डोरीन म्हणाली. तिच्या हातात इस्त्री होती. “कोणी तक्रार केली?”

नॉर्मनने वस्तरा वाडग्यातल्या पाण्यात खळबळला. “नाव सांगत नाहीत ते,” म्हणाला, आणि रॉयच्या नाकाखालची जागा जपून साफ केली. जाताना चहा न घेताच गेला. पण दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. रुबार्ब आणायचा बंद झाला, एवढंच. रुबार्बचा हंगाम संपत आला होता, म्हणून असेल, असं डोरीनने मनाशी धरलं. त्याला काही माहीत नाही, असं तिला वाटायला लागलं आणि मग खात्रीच झाली.

पुढच्या दिवसांत माणसं टोपल्या घेऊन यायला लागली. पिल्लं आणि तरुण पाखरं विकली गेली. ज्यांनी एकदा टेंटर रो घर म्हणून मनात धरलं होतं, ती कुठेही नेली तरी सोडताक्षणी परत येणार, म्हणून त्यांना फारसं कोणी घेईना. घेतलं तर जन्मभर कोंडून अंडी घालायला ठेवायचं. उरलेल्यांचं काय करायचं हे प्रत्येक कबुतरवाल्याला माहीत असतं. एका सकाळी दाढी उरकून नॉर्मन वर गेला आणि दार लावून घेतलं. डोरीन कपडे वाळत घालत होती. आवाज काहीच आला नाही. दुपारी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पोतं होतं, आणि तो दोनदा थांबला, म्हातारा माणूस ओझ्याने थांबतो तसा, पण ओझं काही तेवढं नव्हतं.

दोन दिवसांनी त्याने कबुतरखाना पहारीने पाडला.

त्याची सगळ्यात नावाजलेली मादी, निळसर करडी, डचेस म्हणायचा तिला, ती डोंगरापलीकडे लँकशायरमधल्या एका माणसाने नेली होती. जुलैत ती सुटून परत आली. कबुतरखाना होता त्या जागेवर तिने बराच वेळ गिरक्या घातल्या, उतरायला काहीच सापडेना. शेवटी डोरीनच्या दाण्याच्या टेबलावर उतरली. टेबल मांडल्यापासून नॉर्मनचं कबूतर त्यावर उतरलं ते हे पहिलं. उरलेसुरले फिंच बाजूला झाले आणि डचेस दाणे खायला लागली. रॉय खुर्चीतून पुढे झुकला, पडेल की काय असा.

नॉर्मनने तिला पकडून परत पोचवली. आठवड्याने ती पुन्हा आली. या वेळी त्याने तिला टेबलावरून उचलून कोटाच्या आत घेतली आणि खिडकीकडे न बघता निघून गेला. ती परत कधी आली नाही. लँकशायरच्या माणसाला कबूतर पोचलं नाही, हे डोरीनला खाटकाच्या दुकानात कळलं.

ऑगस्टमध्ये, नॉर्मन दाढी करत असताना, स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. बागकामाचा कार्यक्रम. बोलणारी बाई म्हणाली की देशभर परसातले हिरवे फिंच मरताहेत, घशाच्या एका रोगाने, रानातल्या होल्या-पारव्यांकडून आलेला असावा. आता पसरतोय तो लोकांनी प्रेमाने मांडलेल्या दाण्याच्या टेबलांवरून आणि पाण्याच्या भांड्यांतून. ज्यांना आजारी पाखरू दिसेल त्यांनी दाणा घालणं लगेच थांबवावं, सगळं ब्लीचने धुवावं, निदान काही आठवडे तरी.

डोरीनचे हात पिठात होते. रेडिओ बंद करायला ती पुढे झाली आणि थांबली. बंद केला तर काय ऐकलं ते सांगितल्यासारखं होईल. मागच्या खोलीत वस्तऱ्याचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला. बाईने टोमॅटोला खत कधी घालावं ते सांगायला घेतलं. नॉर्मन वाडगा घेऊन आला, साबणाचं पाणी मोरीत ओतलं, टॉवेल घडी करून ठेवला.

“उद्या नवीन पातं आणतो,” म्हणाला. “हे ओढतंय.”

तो गेल्यावर तिने टेबल आडवं केलं आणि कुऱ्हाडीने तोडलं. नॉर्मनने खिळे चांगले ठोकले होते, वेळ लागला. तोवर तसंही फारसं काही राहिलं नव्हतं. चिमण्या, एखादा टिट. त्या पानगळीत एकही हिरवा फिंच टेंटर रोवर दिसला नाही.

रॉय फेब्रुवारीत गेला, छातीत कफ होऊन, आपल्याच खाटेवर. शेवटच्या दिवशी डोरीन त्याचा हात धरून बसली होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, पाणी देऊ का, उशी वर घेऊ का, मी बसू का अशीच? काहीही विचारत होती. त्याने हात काढून घेतला नाही, हे तिने नंतर पुष्कळ दिवस मनात धरून ठेवलं. पण त्या हातात तेव्हा काढून घेण्याएवढी ताकद होती का, तेही तिला ठाऊक होतं.

चॅपलमधून सगळे घरी आले. पुढच्या खोलीत हॅमची सँडविचेस, फ्रूटकेक, नर्सने मदतीला उभं राहून भरलेले चहाचे कप. कारखान्यातली म्हातारी माणसं रॉयच्या आवाजाच्या गोष्टी सांगून हसत होती. नॉर्मन कोपऱ्यात काळा कोट घालून उभा होता, शेजारी मुलगी लिंडा, गाडीच्या किल्ल्या हातात धरून. लिंडा गाडी दारात आणायला गेली तेव्हा डोरीन त्याच्याजवळ गेली. किती दिवस तिने ते घोकलं होतं.

“नॉर्मन, तुला एक सांगायचंय. ती पालिकेची तक्रार...”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“हुकूम आला त्या दिवसापासून. त्यात लिहिलं होतं, विष्ठेचे डाग आणि उंदीर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. वाफ्यांकडे बघणारी स्वयंपाकघराची खिडकी टेंटर रोवर दोनच घरांना आहे, डोरीन. एक माझं.”

“पण तू येत राहिलास. रोज. एक दिवससुद्धा...”

“रॉयची दाढी होती.”

“मला वाटलं, तुला...” तिने दाराकडे पाहिलं. “मी चुकले रे. माझी मती गेली होती. त्याला रिकाम्या खिडकीपुढे बघवत नव्हतं मला.”

“ते मला कळलं असतं,” नॉर्मन म्हणाला. आवाज चढला नव्हता. लोकांना वाटलं असतं, दोघं रॉयबद्दल बोलताहेत. “पाखरांवरून तुझं डोकं फिरलं, ते मला कळलं असतं. पण त्या उंदरांचं तू रचलंस. आणि मग मला विचारलंस, कोणी तक्रार केली. इस्त्री करता करता.”

“शिव्या दे मला.”

“काय उपयोग त्याचा.” त्याने हातातला कप तिच्या हातात दिला, बशीसकट, कारण ती जवळ उभी होती आणि टेबल लांब होतं. “डचेसची मान मी इथे मागच्या गल्लीत मोडली. वर न्यायलासुद्धा जमलं नाही मला. ती उबेला कोटात अशी बसली होती.” त्याने कोटाचं बटण लावलं. मग म्हणाला, “मी रॉयसाठी येत होतो. आता रॉय नाही. लिंडा म्हणते हलला ये, तर जातोय. घर विकायला काढलंय.”

लिंडा दारात येऊन म्हणाली, “बाबा, निघू या का? पाऊस येतोय.” ती डोरीनला बिलगली, स्वतःची काळजी घ्या डोरीनमावशी, म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. म्हातारा सांगणाऱ्यातला नव्हता.

नॉर्मनचं घर वसंतातच विकलं गेलं. मे महिन्यात डोरीनने लिंडाचा नंबर शोधून काढला आणि बरेच दिवस फोनपाशी जाऊन परतल्यावर एकदा रविवारी दुपारी लावला. लिंडाने उचलला. खूप आनंद झाला असं म्हणाली, तब्येत विचारली, एक मिनिट हं, बाबांना देते, म्हणाली. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मागे टीव्हीवर कसलीतरी मॅच चालली होती. मग टीव्हीचा आवाज कमी झाला आणि दोन माणसांचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं, शब्द काही कळले नाहीत. डोरीन थांबून राहिली.

लिंडा परत आली. तिचा सूर बदललेला होता, अवघडलेला.

“डोरीनमावशी,” ती म्हणाली, “बाबा म्हणताहेत की ते घरात नाहीत.”